आधी कागद, मग पेन: पावसात-थंडीत जिओकॅशिंग करताना सही कशाने करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरापूर्वी पुण्याहून सिॲटलजवळ राहायला आलात, सप्टेंबरपासून नऊ वर्षांच्या मुलीबरोबर दर शनिवारी जिओकॅशिंग (लपवलेल्या डब्या शोधून आतल्या कागदी पट्टीवर सही करण्याचा खेळ) सुरू केलंत, आणि नोव्हेंबर लागल्यापासून एकही पेन धड चालेना. जेल पेनाची सही पसरली, पुण्याहून आणलेल्या बॉलपेनाने कागदावर नुसते चरे पाडले, मग विकत आणलेलं वॉटरप्रूफ मार्कर पट्टीच्या आरपार गेलं. मागच्या शनिवारी तर डबी सापडूनही, आतल्या कागदाचा लगदा झाल्याने, सही न करता परतावं लागलं आणि मुलगी हिरमुसली. म्हणून विचारताय, पावसात, दोन-तीन अंशांत हमखास चालेल असं एक पेन कोणतं?

नाव आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा शनिवार जवळ आलाय. दाबाची रिफील (आत दाबलेला वायू शाईला पुढे ढकलतो अशी) असलेलं पेन घ्या: फिशरचं स्पेस पेन किंवा यूनीचं पॉवर टँक. सोबत मऊ शिशाची एक बुटकी पेन्सिल ठेवा. पण एवढ्यावर थांबलात तर जानेवारीत पुन्हा हाच प्रश्न पडेल, म्हणून बाकीचं सविस्तर लिहितोय. मी याच भागात बारा हिवाळे डब्या शोधतोय. त्यातले पहिले तीन मी पेनं बदलण्यात घालवले. अर्धा दोष पेनाचा होता, पण उरलेला अर्धा कागदाचा आणि माझ्या लिहिण्याच्या पद्धतीचा होता, आणि ते मला फार उशिरा कळलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी रानात, बागेत, पुलाखाली एक डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो. बाकीचे जीपीएसने ती शोधतात, आतल्या कागदावर आपलं टोपणनाव आणि तारीख लिहितात आणि डबी होती तिथे परत ठेवतात. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली जमिनीत अर्धीअधिक पुरून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. त्या बादलीतही नोंदवही होती. म्हणजे हा खेळ आपल्या शेजारच्याच राज्यात, याच भिजट हवेत जन्मला, आणि पहिल्या दिवसापासून त्यात कागदावर लिहिणं आहे. आजही संकेतस्थळावर ‘सापडली’ अशी नोंद करायची तर डबीतल्या कागदावर सही हवी, असाच नियम आहे. सही न करता परत येणं तुमच्या मुलीच्या मनाला लागलं, ते अगदी बरोबर आहे.

आता खरा प्रश्न. ‘पेन चालत नाही’ या एका तक्रारीच्या पोटात तीन तक्रारी असतात. शाई गारठलेली असते, कागद भिजलेला असतो किंवा कागदाखाली टणक काही नसतं. लक्षण तिन्हींचं एकच, अक्षर उमटत नाही. उपाय मात्र तीन वेगळे.

तुम्ही पुण्याचे, म्हणून सह्याद्रीचं उदाहरण देतो. जुलैत राजगडावर वहीत काही लिहायला गेलात तर शाई व्यवस्थित वाहते, कारण हवेत गारवा असला तरी थंडी नसते. पण वही दमट होऊन कागद मऊ पडलेला असतो. तिथे प्रश्न नुसत्या ओलीचा. मिनेसोटात किंवा कॅलगरीला जानेवारीत उणे वीस असतं तेव्हा कागद कुरकुरीत कोरडा असतो, बर्फ झटकला की झालं, पण शाई जागची हलत नाही. तिथे प्रश्न नुसत्या थंडीचा. आपल्याकडे सिॲटलच्या आसपास नोव्हेंबर ते मार्च दोन्ही एकत्र येतात. पारा शून्याच्या थोडा वर, आणि पाऊस मुसळधार नसला तरी दिवस दिवस पिरपिरणारा. शाई गोठत नाही, घट्ट होते. कागदाचा सहसा लगदा होत नाही, पण तो कधी वाळतही नाही. म्हणून उणे वीसमध्ये राहणाऱ्या माणसाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि माझा सल्ला त्यांना.

साध्या बॉलपेनापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावरून कळतं. टोकाशी साधारण पाऊण ते एक मिलिमीटरचा गोळा असतो. आपण पेन ओढतो, कागदाच्या खरखरीने गोळा फिरतो, मागून शाई घेतो आणि पुढे कागदावर ठेवतो. शाई गोळ्यापर्यंत येते ती स्वतःच्या वजनाने आणि गोळ्याच्या फिरण्याने, मागून ढकलणारं काही नसतं. ही शाई तेलकट आणि मुळातच दाट. गारठ्यात काकवी बरणीतून जशी सावकाश उतरते तशी ती रिफिलीतून उतरते. त्यात कागद ओला असेल तर त्याचे तंतू फुगलेले असतात, वरचा भाग बुळबुळीत झालेला असतो. गोळ्याला पकड मिळत नाही, तो न फिरता घसरतो. फिरलाच तरी कागदावरचं पाणी तेलकट शाईला चिकटू देत नाही. तुम्हाला दिसले ते बिनशाईचे चरे हेच. मग आपण जोर लावतो, आणि ओला कागद जोर लावला की फाटतो. पुण्याहून आणलेलं पेन टाकून देऊ नका, त्यात काही खोट नाही. उन्हाळ्यात ते उत्तम चालेल.

आणखी एक गोष्ट होते. आपण कागद झाडाच्या खोडावर टेकवून लिहितो, म्हणजे पेन आडवं होतं किंवा टोक वर जातं. साध्या रिफिलीत तेव्हा शाई मागे राहते आणि टोकात हवा शिरते. असं पेन घरी आल्यावरसुद्धा काही वेळ अडत राहतं, आणि आपल्याला वाटतं की रिफील संपली.

जेल पेनाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. जेलची शाई पाण्यात कालवलेली असते. कोरड्या कागदावर ती सुरेख लिहिते, आणि पिगमेंटची शाई असेल तर एकदा वाळल्यावर पाण्याने सहसा जात नाही. पण ओल्या पट्टीवर ती वाळणार कधी? माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात टायगर माउंटनच्या उतारावर एका छोट्या नळीतल्या पट्टीवर मी जेल पेनाने सही केली. पट्टी दमट होती तरी पेन झरझर चाललं, म्हणून खूश होतो. पट्टी गुंडाळली, नळीत घातली, निघालो. दोन आठवड्यांनी डबीच्या मालकाने नोंद टाकली की पट्टी बदलावी लागली, एका निळ्या डागाखाली जुन्या सह्या गेल्या. गुंडाळीत माझी ओली शाई एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्याला लागत गेली होती. त्यातल्या काही सह्या पाच-सहा वर्षं जुन्या होत्या, आणि कुणीतरी आपली शंभरावी डबी म्हणून तिथे एक छोटी चांदणी काढलेली मला आठवत होती. मालकाला लिहून माफी मागितली, पण त्या सह्या काही परत येणार नव्हत्या. तेव्हापासून पावसाच्या मोसमात जेल पेन माझ्या पिशवीत नसतं, आणि तुमच्याही नसावं असं मला मनापासून वाटतं.

मार्करचा दोष वेगळा. त्याची शाई स्पिरिटात असते, ती थंडीत फारशी अडत नाही. पण ओल्या कागदात ती तंतूंवरून सगळीकडे धावते आणि पट्टीच्या मागच्या बाजूला फुटते. या पट्ट्या बहुधा दोन्ही बाजूंनी सह्यांसाठी असतात, म्हणजे तुमची एक सही दोन माणसांची जागा खाते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर, ती पुसून कोरडी केल्यावर, बारीक टोकाचं मार्कर चांगलं. नेहमीच्या कागदावर नको.

आणि खोडता येणारं पेन, पायलटचं फ्रिक्शन (FriXion) किंवा त्या जातीचं कुठलंही, कृपा करून डबीजवळ नेऊ नका. मुलांच्या कंपासपेटीत ते हमखास असतं म्हणून मुद्दाम सांगतो. त्याची शाई साठ अंशांच्या आसपास पारदर्शक होते. खोडताना रबर घासून आपण तीच उष्णता देत असतो. ऑगस्टच्या उन्हात काळा पत्र्याचा डबा चांगलाच तापतो, आणि तुमच्या मुलीची सही कुणी हात न लावता नाहीशी होऊ शकते.

आता पेन्सिल. तिला शाई नाही, त्यामुळे गोठायला काही नाही, फुटायला काही नाही. शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते पाण्यात विरघळत नाही आणि उन्हाने उडत नाही. कोरड्या थंडीत पेन्सिलीइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, मिनेसोटावाल्यांना मी सरळ पेन्सिलच सांगेन. आपल्याकडे ती दुसऱ्या क्रमांकावर येते, ती कागदामुळे. एचबी किंवा त्याहून टणक टोक ओल्या कागदात रुततं आणि कागद उचकटतो. २बी घ्या, आणि टोक सुईसारखं न करता थोडं बोथट ठेवा. पेन्सिल जितकी उभी धराल तितकी कागद फाडेल, म्हणून आडवी धरून हलक्या हाताने लिहा. दमट कागदावर अक्षर फिकं दिसेल, पण कागद वाळला की वाचता येईल. गोल्फ खेळणारे गुण मांडायला वापरतात तसली बोटभर लांबीची पेन्सिल खिशात मोडत नाही. टोकयंत्र विसरू नका, पण ते धातूचं असेल तर कोरड्या पुडीत ठेवा, पात्याला इथे महिन्याभरात गंज चढतो.

पेन्सिलीचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर फिरणारी ती गोष्ट कुणीतरी सांगतंच: अमेरिकेने अंतराळात लिहिणारं पेन बनवायला कोट्यवधी खर्च केले आणि रशियनांनी पेन्सिल वापरली. ती खरी नाही. सुरुवातीला पेन्सिली दोघांनीही वापरल्या, आणि यानात त्यांचा त्रास होता, कारण शिशाचे मोडलेले कण वीज वाहून नेतात आणि तरंगत उपकरणात शिरू शकतात. दाबाचं पेन पॉल फिशर यांनी स्वतःच्या पैशाने तयार केलं. १९६८ मध्ये अपोलो ७ बरोबर ते अंतराळात गेलं, आणि १९६९ मध्ये सोव्हिएत संघानेही तीच पेनं घेतली. हे इथे सांगायचं कारण असं की त्या पेनाला जे जमावं म्हणून ते बनवलं होतं, नेमकं तेच आपल्याला झाडाखाली उभं राहून हवं असतं.

त्याच्या रिफिलीत शाईच्या मागे दाबून भरलेला नायट्रोजन असतो. तो शाईला सतत टोकाकडे ढकलतो, त्यामुळे पेन आडवं असो की उलटं, गोळ्याला शाई मिळते. शाईसुद्धा वेगळी आहे. स्वस्थ असताना ती घट्ट खळीसारखी राहते, गोळा फिरला की त्या घासण्याने पातळ होते. नाहीतर एवढ्या दाबाने ती खिशातच बाहेर आली असती. कंपनी उणे ३४ अंशांपासून चालेल असं म्हणते. मी स्वतः उणे बारापर्यंतच वापरलं आहे, तिथे एकदाही अडलं नाही. दमट कागदावर चालतं ते दोन कारणांनी: शाई मागून ढकलली जाते, आणि ती चिकट असल्याने पाण्याला जरा बाजूला सारून कागदाला धरते. पण गोळा फिरायला हवाच, त्यामुळे निथळत्या कागदावर हेही पेन हरतं. दुसरी उणीव म्हणजे टोकावर कधीकधी शाईचा लहानसा गोळा जमतो आणि पहिल्या अक्षराला डाग पडतो. सही करण्याआधी टोक टिश्यूवर एकदा फिरवलं की तो जातो.

यूनीच्या पॉवर टँकमध्ये तीच कल्पना आहे, फक्त नायट्रोजनच्या जागी दाबलेली हवा, वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाची. ते फिशरपेक्षा स्वस्त पडतं, लिहायला मला थोडं मऊ वाटतं, आणि अंग जाड असल्याने गारठलेल्या बोटांना धरता येतं. लहान मुलाच्या हातात द्यायला मी हेच निवडेन. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं जे छोटं फिशर मिळतं ते खिशाला सोयीचं, पण गुळगुळीत आणि बारीक असतं. माझं एक तसंच हातून सटकून स्वॉर्ड फर्नच्या जाळीत गेलं, अर्धा तास शोधूनही मिळालं नाही. आता माझ्या पेनाला केशरी चिकटपट्टीचे तीन वेढे आहेत आणि टोपणाला एक दोरी, जिचं दुसरं टोक जॅकेटच्या चेनला बांधलेलं असतं. टोंबोचं एअरप्रेस नावाचंही एक पेन आहे, खटका दाबला की ते आतली हवा स्वतः दाबून घेतं. तेही चांगलं, जाड आहे.

यांपैकी कुठलंही घेतलंत तरी ते ठेवायचं कुठे, यावर बरंच काही ठरतं. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात पेन बाहेरच्या हवेइतकं गार होतं. जॅकेटच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवा, डबी सापडेपर्यंत बाहेर काढू नका. मोटारीत रात्रभर तर अजिबात ठेवू नका. टोक अडलंच तर दोन तळहातांमध्ये धरून अर्धा मिनिट चोळा. लायटरने शेकणारे मी पाहिले आहेत. दाबाच्या रिफिलीजवळ ज्योत नेणं धोक्याचं आहे, मुलीसमोर तर नकोच.

आता तो अर्धा भाग, जो मला उशिरा कळला. आपण पट्टी तळहातावर ठेवून लिहितो. तळहात मऊ, त्यात हातमोजा. कागद आत दबतो, गोळ्याला टेकायला काही मिळत नाही. माझ्या पेनाच्या पिशवीत एक मुदत संपलेलं प्लॅस्टिकचं गिफ्ट कार्ड असतं. पट्टी त्यावर पसरायची, अंगठ्याने एक कड दाबून धरायची, आणि मग लिहायचं. या एका कार्डाने माझ्या जितक्या अडलेल्या सह्या सोडवल्या तितक्या कुठल्याही पेनाने नाहीत. बटणाएवढ्या नॅनो डबीतली पट्टी तर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंद असते, सोडली की पुन्हा गुंडाळते. ती कार्डावर ताणून धरल्याशिवाय पावसात लिहिताच येत नाही.

कार्डाच्या जोडीला घडी केलेले चार टिश्यू, झाकणबंद पुडीत. आता क्रम नीट पाहा. डबी उघडण्याआधी हात पुसा, कारण कागदावरचं बरंचसं पाणी आपल्याच बोटांचं असतं. वाऱ्याकडे पाठ करा, पुढे वाका, टोपीच्या कडेवरून पाणी पट्टीवर ठिबकत नाही ना ते बघा. छत्री असेल तर मुलीला धरायला द्या. पट्टी बाहेर काढली की टिश्यूच्या घडीत ठेवून वरून दाबा आणि दहा आकडे मोजा. चोळायचं नाही, टीपकागदासारखं नुसतं टिपायचं. मग पट्टी कार्डावर, पेन आतल्या खिशातून बाहेर, टोक टिश्यूवर एकदा फिरवून सही. सही लांबलचक नको. तुमचं टोपणनाव मोठं असेल तर दोन-तीन अक्षरांची खूण ठरवा आणि पुढे तारीख. इथले लोक महिना आधी लिहितात, आपण दिवस आधी, म्हणून महिना अक्षरात लिहिला की गोंधळ होत नाही. लिहून झाल्यावर पुन्हा एकदा टिपा, मगच गुंडाळा.

तुम्ही पुढे स्वतः डबी लपवणार असाल, आणि मुलगी एवढी रमली आहे तर लपवालच, तर कागद पाण्याला दाद न देणारा घाला. आपल्याच टकोमातली राइट इन द रेन ही कंपनी १९१६ पासून असा कागद बनवते, आणि तो बनला तो इथल्या पावसात काम करणाऱ्या लाकूडतोड्यांसाठी. पाणी त्यावरून मोत्यांसारखं ओघळून जातं. पण त्याच गुणामुळे पाण्याच्या शाईची पेनं त्यावर चालत नाहीत, जेलची शाई थेंबांनी जमून पुसली जाते. पेन्सिल आणि दाबाचं पेन त्यावर मस्त चालतं. तेव्हा असा कागद घातलात तर डबीच्या माहितीत एक ओळ लिहा, जेल पेन आणू नका म्हणून.

हे सगळं कितपत लागेल ते तुम्ही कुठे जाता त्यावर आहे. शहरातल्या बागेत, रबरी कडेच्या मोठ्या लष्करी डब्यात वही ठेवलेली असेल तर आत कागद बहुधा कोरडा असतो, साधं बॉलपेन शर्टाच्या खिशात गरम ठेवलंत तरी भागेल. दिवसात एक-दोन डब्या करणाऱ्याचं एका पेन्सिलीवर निभतं. वीस-पंचवीस करणाऱ्याला दाबाचं पेन लागतंच, कारण विसाव्या डबीपर्यंत बोटं बधिर झालेली असतात. उन्हाळा आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. स्नोक्वाल्मी खिंडीजवळचा साडेतीन किलोमीटरहून लांब जुना रेल्वे बोगदा नोव्हेंबर ते एप्रिल बंद असतो आणि नंतर उघडतो. ऑगस्टमध्येही आत छतातून पाणी गळतं आणि गारठा असतो. पलीकडे डब्या शोधणाऱ्यांत प्रसिद्ध असलेली २००१ सालची डबी आहे. तिथे पोहोचलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि माझे हात मात्र जानेवारीतल्यासारखे होते. मुलीला तो बोगदा फार आवडेल. डोक्याला बांधायचा दिवा न्या.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा घरी करून बघा, मुलीलाच करू द्या. घरातली सगळी पेनं आणि एक पेन्सिल रात्री फ्रीझरमध्ये ठेवा, तिथे साधारण उणे अठरा असतं. सकाळी कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, एक कोरडी, एक पाण्याचा हबका मारून टिपलेली. प्रत्येक पेन बाहेर काढून लगेच दोन्हींवर तिचं नाव लिहायला सांगा. माझ्या ओट्यावर साध्या बॉलपेनाने कोरड्या पट्टीवर चार-पाच गिरक्यांनंतर शाई सोडली, ओल्या पट्टीवर नाहीच. जेल पेन हातात गरम होईपर्यंत गप्प होतं. दाबाच्या पेनाची पहिली रेघ फिकी आली, दुसरी नीट. पेन्सिलीला फ्रीझर कळलाच नाही. मग तोच प्रयोग पट्टीखाली कार्ड ठेवून आणि न ठेवता करा, फरक तिला स्वतःला दिसेल.

एका दमात सांगायचं तर: मुख्य पेन दाबाचं, ते अंगाच्या उबेत. जोडीला २बीची बुटकी पेन्सिल. एक प्लॅस्टिकचं कार्ड, चार टिश्यू. जेल, खोडता येणारं पेन आणि मार्कर घरी. सगळं मिळून साबणाच्या डबीत मावतं, माझं तसंच आहे.

राहता राहिला प्रश्न मागच्या शनिवारचा, म्हणजे कागदाचा खरोखर लगदाच झालेला असेल तेव्हा काय. त्यावर कुठलंच पेन चालणार नाही आणि चालवूही नये, कारण उलगडायला गेलात तर आधीच्या सह्या तुकड्यांत हातात येतात. लगदा आहे तसा राहू द्या. मी पिशवीत कोऱ्या कागदाच्या दोन-तीन पट्ट्या ठेवतो. एकीवर सही करून ती छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून डबीत ठेवतो, डबीचा आणि लगद्याचा फोटो काढतो आणि मालकाला तसं कळवतो. संकेतस्थळावर मालकाचं लक्ष वेधणारी जी नोंद असते तीही करतो. ती तक्रार नसते, पावसाळी डबीच्या मालकाला ही खबर हवीच असते. नोंद मान्य करायची की नाही हे मालकाच्या हातात. माझ्या अनुभवात फोटो पाहिल्यावर कुणी नाही म्हटलेलं नाही. तुम्ही मागच्या शनिवारच्या डबीच्या मालकाला आजच लिहा. मुलीचं नाव घालून लिहा, आणि पुन्हा जाऊ म्हणून सांगा.

आणि पुन्हा जाल तेव्हा सही झाल्यावर झाकण लावायचं काम तिच्याकडे द्या. लहान बोटांना ते छान जमतं. नळीच्या गळ्याशी एक काळी रबरी कडी असते. तिच्यावर मातीचा कण किंवा पाइनची सुई राहिली नाही ना, पट्टीची कड आट्यांमध्ये अडकली नाही ना, एवढं तिने बोट फिरवून बघायचं आणि मग झाकण घट्ट पिळायचं. अडकलेल्या कागदाच्या त्या कडेवरूनच वातीसारखं पाणी आत चढतं, आणि पुढच्या शनिवारी कुणाचं तरी पेन अडतं.